वॉल पेंगलीच्या सायकलचा रंग

फाटकावरच्या टपालपेटीखालून फ्रेम मोकळी करायला रॉसची अख्खी सकाळ गेली. पेटी जिने बांधली होती ती तार गंजून फ्रेमशी एकजीव झाली होती. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने इतकी वर्षं आपलं काम इमानाने केलं होतं. शेवटी रॉसने तार कापली, पेटी गवतात ठेवली आणि सांगाडा खांद्यावर टाकून तो शेडकडे निघाला. याच सायकलवर त्याच्या वडिलांनी, वॉलेस पेंगलींनी, अठ्ठावन्न सालच्या नाताळात क्विल पॉइंटची मोठी शर्यत जिंकली होती. चाकं, हँडल, सीट केव्हाच गेली होती. उरलं होतं ते चंदेरी रंग फासलेलं, जागोजागी फुगलेलं पोलाद.

शेडमध्ये घराणं जमलं होतं.

‘घराणं’ हा क्लाइव्हचा शब्द. थोरला क्लाइव्ह नगरपरिषदेत उपमहापौर होता. बटाटे पिकवणाऱ्या पेंगलींना घराणं म्हणणारा टास्मानियाच्या अख्ख्या उत्तर किनाऱ्यावर तो एकटाच. सायकल क्लबने नवं प्रेक्षागृह बांधलं होतं आणि त्याला कुणाचं नाव द्यायचं यावरून पेंगली आणि बॅस्टियन या दोन कुटुंबांत हिवाळाभर धुसफूस चालली होती. बॅस्टियनांचा आजोबा त्या शर्यतीत दुसरा आला होता, पण नंतर त्याने मेलबर्नमध्ये एक चांदीचा पेला मिळवला होता, आणि तो पेला द्यायला ते तयार होते. क्लबच्या अध्यक्षीणबाई डेल्विन हॉवर्थ यांनी क्लाइव्हला स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘काचेच्या कपाटात ठेवायला काहीतरी आणा. नुसत्या भाषणावर इमारतीला नाव मिळत नाही.’’

क्लाइव्हला हे नवीनच होतं. त्याला आजवर जे काही मिळालं होतं ते नुसत्या भाषणावरच मिळालं होतं.

‘‘बाकावर ठेव. हळू!’’ तो म्हणाला. ‘‘रॉस, ती बाबांची सायकल आहे, बटाट्याचं पोतं नाही.’’

‘‘पोतं असतं तर तू उचलायला आला नसतास,’’ रॉस म्हणाला आणि त्याने फ्रेम वाइसच्या जबड्यात अडकवली. धाकटा म्हणून त्याच्या वाट्याला शेत आलं होतं, गाई आल्या होत्या आणि आई आली होती. तिन्हींबद्दल तो सारखंच कमी बोलत असे.

आई, म्हणजे मर्ल, दारात ऊन बघून खुर्ची टाकून बसली होती. सत्त्याऐंशीची. मांडीवर मटाराच्या शेंगांचं टोपलं होतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण शेड तिच्या स्वयंपाकघरासमोरच होती.

नोलीन सगळ्यांत शेवटी आली. मधली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिने तोंडाला मोठा मुखवटा लावला होता, डोळ्यांवर चष्मा चढवला होता, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे घातले होते.

‘‘जुन्या रंगात शिसं असतं,’’ ती मुखवट्याआडून म्हणाली. ‘‘आणि मी मदत करायला आलेली नाही. थांबवायला आलेय.’’

‘‘काय थांबवायला?’’ क्लाइव्हने विचारलं.

‘‘हे खरवडणं. आहे तशीच ठेवा ना कपाटात. तो गंज बाबांच्या आयुष्याचा भाग आहे. गंज म्हणजे इतिहास असतो, क्लाइव्ह.’’

‘‘गंज म्हणजे इतिहास, तर मग रॉसचा ट्रॅक्टर संग्रहालयात ठेवायला हवा.’’

‘‘माझा ट्रॅक्टर मध्ये आणू नकोस,’’ रॉस म्हणाला.

नोलीनने मुखवटा वर केला. ‘‘तुला इतिहास नकोच असतो. वडिलांच्या अंत्यविधीला उभा राहून, ‘दोन मुलगे मागे ठेवून ते गेले’ म्हणालास. मी पहिल्या रांगेत बसले होते.’’

‘‘ती छपाईची चूक होती.’’

‘‘भाषणात छपाई कसली?’’

मर्लने एक शेंग सोलली. हे भांडण तिला पाठ होतं. पुढचं वाक्य ‘तू तेव्हा होतीस कुठे’ हे. पण आज क्लाइव्हने ते गिळलं. आज त्याला नोलीन हवी होती. तिन्ही भावंडांनी एकमताने संमतीच्या पत्रावर सह्या केल्याशिवाय डेल्विनबाई नाव लावणार नव्हत्या. म्हणून त्याने आवाज मऊ केला आणि गाडीतून आणलेला डबा बाकावर ठेवला.

‘‘हे बघ. रंगसुद्धा खास बनवून घेतलाय. बाबांचा निळा. शर्यतीच्या दिवशी होता तस्सा.’’

नोलीनने डब्याकडे बघितलं. ‘‘निळा?’’

‘‘हो. गडद निळा.’’

‘‘बाबांची सायकल लाल होती, क्लाइव्ह.’’

‘‘हिरवी,’’ रॉस म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळले. रॉसने कधी मत दिलं की घरात असंच व्हायचं. भिंत बोलल्यासारखं सगळे दचकायचे.

‘‘हिरवी कुठून?’’ नोलीन म्हणाली. ‘‘मला स्वच्छ आठवतंय. मी त्या सायकलवर बसून शाळेत जायचे. लालभडक. बाबा म्हणायचे, जिंकणारी सायकल आहे, नीट चालव.’’

‘‘मला म्हणायचे तेव्हा निळी होती,’’ क्लाइव्ह म्हणाला.

‘‘मला म्हणायचे तेव्हा हिरवी,’’ रॉस म्हणाला.

‘‘फोटो बघा ना!’’ क्लाइव्हने खिशातून मोबाईल काढला. वर्तमानपत्रातलं जुनं छायाचित्र त्याने त्यात साठवून ठेवलं होतं. फोटोत सायकल करडी होती. बाबाही करडेच होते, आणि मागचं आभाळसुद्धा.

नोलीन बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिने मुखवटा खाली ओढला, मोजे घट्ट केले आणि रॉसच्या हातातला ब्रश काढून घेतला.

‘‘खरवडू या,’’ ती म्हणाली. ‘‘खाली लाल निघेल.’’

इतिहासाचं रक्षण तिने तिथंच सोडलं.

रंग उतरवायचा रस जेलीसारखा दाट होता आणि त्याचा वास नाकातून थेट कपाळात जायचा. नोलीनने तो वरच्या नळीवर जाड फासला. थोड्या वेळात चंदेरी रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, फुगला. रॉसने पत्र्याची पट्टी फिरवली तशी अख्खी साय गोळा होऊन खालच्या वर्तमानपत्रावर पडली.

खाली हिरवा होता.

‘‘म्हटलं नव्हतं?’’ रॉस म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलेलं भावंडांनी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

‘‘हा ट्रॅक्टरचा रंग आहे,’’ क्लाइव्ह नाक मुरडून म्हणाला. ‘‘उरलेला. पुढे चला.’’

हिरव्याखाली लाल निघाला. मुख्याध्यापिका असताना उत्तर बरोबर आलं की ती जशी फळ्याकडे बोट करून नुसती उभी राहायची, तशी नोलीन उभी राहिली.

‘‘पुढे चला,’’ क्लाइव्ह म्हणाला. आता त्याने कोट काढला होता आणि पट्टी स्वतः हातात घेतली होती. सरकारी कुदळीचा पहिला घाव घालून फोटोपुरतं थांबणारा माणूस घामाघूम होऊन खरवडत होता. लाल गेला आणि खाली निळा उजळला.

‘‘निळा!’’ तो ओरडला. गोठ्यातली एक गाय हंबरली. ‘‘सगळ्यांत खाली निळा! म्हणजे सगळ्यांत आधी निळा! संपला वाद!’’

तो डब्याचं झाकण उचकटायला लागला.

या क्षणी नोलीनने थांबायला हवं होतं. पण भावाचा आनंद तिला लहानपणापासून सोसत नसे. तिने निळ्यावरही रस फासला.

‘‘हे कशाला आता?’’

‘‘खात्री केलेली बरी.’’

निळा सुरकुतला. त्याच्याखाली गडद तपकिरी रंग होता, कारखान्यात भट्टीत पक्का केलेला, घट्ट. आणि त्या तपकिरीवर, पट्टी फिरेल तसतसं, सोनेरी काहीतरी चमकायला लागलं.

‘‘अक्षर आहे,’’ रॉस म्हणाला.

‘‘बी,’’ नोलीनने वाचलं.

तिघांची डोकी एकमेकांवर आपटतील इतकी जवळ आली. रॉसचं मन धास्तावलं. बी म्हणजे बॅस्टियन? बाबांनी बॅस्टियनची सायकल घेतली होती? तो हे बोलला नाही, पण दोघांच्याही मनात तेच आलं होतं, हे त्यांच्या श्वासांवरून कळत होतं.

पुढचं अक्षर आर निघालं, आणि क्लाइव्हने मोठा सुस्कारा सोडला. ‘‘बॅस्टियन नाही! बी, आर... ब्रिटिश! ब्रिटिश बनावटीची!’’

मग ई. मग ए.

‘‘ब्रेआ,’’ क्लाइव्ह हलक्या आवाजात, देवळात बोलावं तसा म्हणाला. ‘‘ब्रेआ! इटालियन! अरे, बाबांची सायकल इटालियन होती! त्या काळात, क्विल पॉइंटमध्ये! डेल्विनला फोन लावतो.’’

‘‘अजून एक अक्षर आहे,’’ रॉस म्हणाला.

‘‘गावाचं नाव असेल. मिलान वगैरे.’’

रॉसने पट्टी फिरवली. पाचवं अक्षर डी होतं.

पहिलीतल्या मुलालाही वाचता येईल असा तो शब्द होता. ब्रेड. त्याच्यापुढे बारीक अक्षरांत आणखी चार शब्द निघाले: रोज सकाळी ताजा, घरपोच. रॉसने तारेच्या ब्रशने नळ्यांची आतली बाजू घासली, तेव्हा पिवळे पितळी डाग दिसले. तिथे कधीतरी काहीतरी झाळलेलं होतं आणि कानशीने घासून काढलं होतं. दुकानाची पाटी लावायचे कान. पाववाल्याच्या सायकलला असतात तसे.

‘‘बाबांनी पाववाल्याच्या सायकलवर शर्यत जिंकली?’’ नोलीनने हळूच विचारलं.

‘‘का नाही?’’ क्लाइव्हचा आवाज फाटला होता, पण त्याने भाषणाची पट्टी सोडली नाही. ‘‘उलट! किती थोर! साध्या पाववाल्याच्या...’’

‘‘ही धोंड्यासारखी जड आहे, क्लाइव्ह,’’ रॉस म्हणाला. ‘‘हिच्यावर बसून माणूस शर्यत नाही जिंकत. धापा टाकतो.’’

दारातून टोपल्यात शेंग पडल्याचा आवाज आला. मग येईनासा झाला.

मर्ल त्या सोनेरी अक्षरांकडे बघत होती. तिला हसू येत होतं, आणि ते दाबताना जरा भीतीही वाटत होती. या तिघांना ती गोष्ट बापाने सांगितली होती, मग तिघांनी एकमेकांना सांगितली, मग नातवंडांना, मग वर्तमानपत्राला, आणि गेली काही वर्षं तर क्लाइव्ह तिलाच सांगत असे, तारखा-वारांसकट. ‘आई, तुला आठवत असेल...’ अशी सुरुवात करून तो तिच्या उत्तराआधीच पुढे जायचा. ती मान डोलवायची. आता मात्र तिघंही गप्प होते. अशी संधी घरात फार थोड्या वेळा आली होती.

‘‘ती ही नव्हे,’’ ती म्हणाली.

‘‘काय ही नव्हे, आई?’’

‘‘सायकल. ज्यावर तुमचे बाबा जिंकले ती ही नव्हे. ती तुमच्या पायाखाली आहे.’’

तिघांनीही पायाखाली बघितलं. खाली शेडची सिमेंटची जमीन होती, तेलाने काळी पडलेली.

‘‘जिंकल्यावर आठवडाभर पीत होते,’’ मर्ल म्हणाली. ‘‘आठवडा संपता संपता बटाट्यांनी भरलेली लॉरी मागे घेतली ती सायकलवर. चपटी झाली. त्याच सुमाराला ही जमीन ओतायची होती. सळ्या कमी पडत होत्या. म्हणाले, पोलाद आहे, वाया कशाला घालवायचं. पलंगाचा जुना सांगाडाही आहे खाली. आणि माझं रहाटाचं कपडे पिळायचं यंत्र. ते चांगलं चालत होतं, तेही टाकलं.’’

‘‘मग ही?’’ नोलीनने विचारलं.

मर्लने क्लाइव्हकडे बघितलं. ‘‘तू आठ वर्षांचा होतास. बॅस्टियनांचा मुलगा शाळेत म्हणाला, तुझ्या बापाने शर्यत जिंकलीच नाही, जिंकली असेल तर सायकल दाखव. तू रडत घरी आलास. जेवलाही नाहीस. मग तुझे बाबा कचरा डेपोवर गेले. पाववाल्याने मोटार घेतली होती, त्याची जुनी सायकल तिथे पडली होती. चार रात्री याच शेडमध्ये कानस चालू होती. तुझ्या खोलीची खिडकी रंगवून उरलेला निळा रंग होता.’’

क्लाइव्ह बाकावर टेकला. ती सायकल अंगणात उभी होती ती सकाळ त्याला आठवली. बाबांनी सीटवर थाप मारून म्हटलं होतं, घे, जा दाखवून ये. तो गेला होता. तेव्हापासून आजपर्यंत तो दाखवतच होता. शाळेत, दुकानात, परिषदेत, प्रत्येक निवडणुकीला. वॉल पेंगलीचा मुलगा, जिंकणाऱ्या सायकलवर वाढलेला. आपल्यासाठी या माणसाने खोटं रचलं होतं, आणि ते किती मायेने रचलं होतं, हे त्याला आता, हातावर निळ्या रंगाची साय चिकटलेली असताना कळत होतं. त्याला राग यायला हवा होता. तो ती साय अंगठ्याने नुसती चोळत राहिला.

‘‘तू सांगितलं का नाहीस?’’ नोलीनने आईला विचारलं.

‘‘विचारलंत का कुणी? तुम्ही सांगत होतात, मी ऐकत होते.’’

घरातल्या बाजू पुन्हा बदलल्या. आता घाई नोलीनला झाली. ‘‘लगेच रंगवून टाका. निळा तर निळा. उतरवलं कुणी पाहिलेलं नाही. बॅस्टियनांच्या पेल्याखाली बसून मी शर्यत बघणार नाही, सांगून ठेवते.’’

‘‘गंज म्हणजे इतिहास,’’ रॉस म्हणाला.

‘‘गप्प बस. तू रंगव.’’

‘‘रंगवतो की. फक्त जमीन फोडायची भाषा कुणी काढू नका.’’ कारण क्लाइव्ह सिमेंटकडे ज्या नजरेने बघत होता ती त्याला आवडली नव्हती. ‘‘या जमिनीवर माझं दूध थंड करायचं यंत्र उभं आहे.’’

पण क्लाइव्ह जमिनीबद्दल बोलत नव्हता. तो आईच्या खुर्चीजवळ जाऊन उकिडवा बसला. उपमहापौरांना उकिडवं बसताना कुणी पाहिलं नव्हतं. गुडघे कडाकडा वाजले.

‘‘आई, त्या सायकलचा रंग कुठला होता?’’

‘‘कुठलाच नव्हता.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ह्यांना वाटायचं, रंगानेसुद्धा सायकलचं वजन वाढतं. सगळा काढून टाकला. तेव्हा असला रस कुठे? बाटली फोडून काचेच्या तुकड्याने खरवडला. मी पण बसायचे. शर्यतीच्या वर्षभर आधीची गोष्ट, लग्न ठरलं होतं आमचं. माझे वडील पलीकडे बसून पाइप ओढायचे म्हणून बोलता यायचं नाही काही, तर आम्ही खरवडायचो. एका नळीवर ते, एका नळीवर मी.’’ तिने उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. पेरावर पांढरी रेघ होती. ‘‘काच लागली. मग नुसतं तेल पुसलं तिला. उन्हात आरशासारखी दिसायची. तुम्ही भांडता निळी म्हणून, लाल म्हणून.’’

नोलीनने मुखवटा काढला. रॉसने डब्याचं झाकण ठोकून परत बसवलं.

‘‘मग हीसुद्धा तशीच ठेवायची,’’ क्लाइव्ह म्हणाला. ‘‘रंग नको. पण खरं काय ते मी सांगणार.’’

‘‘वेडा आहेस का?’’ नोलीन ओरडली. ‘‘तू? खरं?’’

‘‘प्रेक्षागृह जाईल,’’ रॉस म्हणाला.

‘‘जाऊ दे.’’

उरलेला तपकिरी रंग अक्षरांसकट उतरवून ती फ्रेम मग गुरांच्या पाण्याच्या जुन्या टाकीत, पाणी घातलेल्या काकवीत बुडवून ठेवली. काकवी हळूहळू गंज खाते आणि पोलादाला हात लावत नाही. टाकीवर माश्या आणि गांधीलमाशा घोंघावत राहिल्या, आणि क्लाइव्हही. तो परिषदेतून परस्पर शेतावर यायचा, काठीने फ्रेम वर उचलून बघायचा, आईकडे चहा पिऊन जायचा. एकदा तो एका बैठकीला बाहीला काकवी लागलेली घेऊन गेला आणि वासाबद्दल कुणी विचारलं तर म्हणाला, शेतावर होतो. हे वाक्य त्याच्या तोंडी पहिल्यांदाच खरं होतं. फ्रेम बाहेर आली तेव्हा राखाडी, स्वच्छ होती. नोलीनने ती अर्धा दिवस बारीक पॉलिशपेपरने घासली. पितळी डाग तिने मुद्दाम जास्त घासले, पण पितळ ते पितळ. जास्तच चमकायला लागले.

नाताळानंतरच्या जत्रेला क्विल पॉइंटचं मैदान भरलं होतं. एका टोकाला लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी चालल्या होत्या, दुसऱ्या टोकाला ‘स्कॅलॉप पाय’ या शिंपल्यांच्या पेस्ट्रीसाठी रांग. तिघांच्या सह्यांचं पत्र केव्हाच क्लबकडे गेलं होतं आणि प्रेक्षागृहाच्या पाटीवर पडदा होता. बॅस्टियन कुटुंब हाताच्या घड्या घालून तिसऱ्या रांगेत बसलं होतं. डेल्विनबाईंनी काचेच्या कपाटाकडे बघून रॉसला विचारलं, ‘‘रंग द्यायला वेळ मिळाला नाही का?’’ रॉस म्हणाला, ‘‘क्लाइव्ह सांगेल.’’

नोलीनने हात मांडीखाली दाबून धरले होते. क्लाइव्ह माइकजवळ गेला. कागद काढला, परत खिशात घातला.

‘‘मित्रांनो,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही पेंगलींच्या सायकलबद्दल खूप ऐकलंय. माझ्याकडूनच. खरं सांगायचं तर कपाटात आहे ती पाववाल्याची सायकल आहे.’’

लोकांच्या माना कपाटाकडे वळल्या. मग पहिल्या रांगेतला कुणीतरी फिसकन हसला.

‘‘नाही, खरंच. माझ्या बाबांनी कचरा डेपोवरून आणली. मला गप्प करायला. खरी सायकल त्यांनी लॉरीखाली चिरडली आणि शेडच्या जमिनीत गाडली. माझ्या आईच्या कपडे पिळायच्या यंत्रासकट.’’

हशा मागच्या बाकांपर्यंत गेला. लाकूडतोडे कुऱ्हाडी टाकून बघायला आले. पन्नास वर्षं क्लाइव्ह पेंगलीची भाषणं सोसलेल्या गावाला तो विनोद करू शकतो याचा पत्ताच नव्हता.

‘‘लोकहो, मी गंमत करत नाहीये!’’ क्लाइव्ह कळवळून म्हणाला. ‘‘जाऊन बघा! वर ब्रेड लिहिलं होतं! मला वाटलं इटालियन आहे!’’

लोक आता डोळे पुसत होते. थोरल्या बॅस्टियनने गुडघ्यावर हात मारला आणि शेजारच्याला म्हणाला, ‘‘माणूस बरा आहे रे, आपण उगाच.’’ डेल्विनबाईंनी हसत हसतच दोरी ओढली, पडदा पडला, ‘वॉलेस पेंगली प्रेक्षागृह’ ही अक्षरं उन्हात आली आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

क्लाइव्ह खाली येऊन आईशेजारी बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

‘‘आई, मी सगळं खरं सांगितलं.’’

‘‘ऐकलं मी.’’

‘‘सगळे हसले.’’

‘‘हसू दे. मीसुद्धा हसले.’’

‘‘तू कशाला? तुला तर माहीत होतं खरं आहे ते.’’

‘‘म्हणून तर,’’ मर्ल म्हणाली आणि शर्यत सुरू होणार म्हणून तिने चष्मा पुसायला घेतला.